रविवारची सीतादही

दसरा उलटला की आमच्या हायवेकडेच्या बाभळींना कापूस लागतो. बाहेरगावच्या माणसाला याची गंमत वाटते, आम्हाला काही वाटत नाही. गुडीहत्नूरकडून कापसाने फुगलेल्या गाड्या आदिलाबादला येतात, दोरांतून निसटलेले पुंजके वाऱ्यावर उडतात आणि शहराबाहेर, आमच्या मावल्यापाशी रस्त्याकडेच्या काट्यांना अडकून बसतात. मी शाळेतून घरी त्याच रस्त्याने येते. तो कापूस दिसला की माझ्या डाव्या मनगटाला गार लागतं. दह्याचं गार. ऊन कितीही रणरणत असो, लागतं. छत्तीस वर्षं झाली, दर सालच्या या दिवसांत आधी मनगटाला गार लागतं आणि पाठोपाठ डोकं तापतं. डोकं का तापतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मनगटाचं मात्र मी कधी स्वतःला विचारलंच नाही.

आता माझ्या आठवणीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. आमच्या खानदानात माझी आठवण म्हणजे चावडीवरचं दप्तर. कुणाचं बारसं कोणत्या वारी झालं, कुणाच्या लग्नात वरण खारट झालं होतं, कुठल्या मामीने आहेराचं लुगडं परत पाठवलं, काही अडलं की म्हणतात, ‘रेखाले इचारा.’ मी सांगते. चुकत नाही. निदान कुणी चूक काढत नाही, कारण मी फार ठासून सांगते. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवते आहे, वर्गात काय होतं ते मला माहीत आहे. जो पोरगा मोठ्याने उत्तर देतो त्याचंच सगळ्यांना बरोबर वाटतं. मला या आठवणीचा गर्व होता. होता म्हणते, कारण तो महिन्याभरापूर्वी उतरला.

माझं माहेर गुडीहत्नूरच्या आतल्या अंगाला. काळी जमीन, ज्वारी आणि पऱ्हाटी. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, पण आमच्याकडे ‘कापसाचं झाड’ कुणी म्हटलं तर पोरंसुद्धा हसतील. पहिल्या वेचणीआधी घरातली बाई शेतात सीतादही करते. जवळजवळची पाच झाडं धरायची, त्यांच्या बुडाशी पाच खडे मांडायचे, खड्यांना चुना लावायचा, हळदकुंकू वाहायचं, उमललेल्या बोंडातला कापूस ओढत ओढत त्याचा धागा पाचही झाडांना गुंडाळायचा आणि मग दहीभात चारी दिशांना फेकायचा. शेत दहीभातासारखं पांढरं होऊ दे, एवढंच मागणं. त्यानंतर पहिली मूठ कापूस ओटीत पडते आणि बाया वेचणीला लागतात. आई हे सगळं गुरुवारी करायची. मला बरोबर न्यायची, दादाला नाही. ‘पोट्टे, भात असा फेक का पाखराले वाटलं पायजे, आपल्याचसाठी फेकला,’ असं म्हणायची. पऱ्हाटीच्या पाल्याचा उग्र वास, ओल्या चुन्याचा वास आणि आंबट दही. आजही कुणाच्या डब्यात दहीभात निघाला तर मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

आई श्रावणात गेली. तीन दिवसांचा ताप, बस. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं होतं. वयनी वांकिडीची, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी. मी सतरा वर्षांची होते आणि मला ती आवडायची. हे वाक्य मी छत्तीस वर्षांत पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या सालच्या सीतादहीची गोष्ट मी आयुष्यभर एकाच तऱ्हेने सांगत आले. नव्या लग्नात नवऱ्याला सांगितली, पुढे पोरीला सांगितली, शाळेतल्या मैत्रिणींना तर किती वेळा. गोष्ट अशी: आईला जाऊन चार महिने झालेले नाहीत, मी आईचं ताट घेऊन शेतात गेले, आणि या बयेने सगळ्या बायांसमोर माझ्या हातातलं ताट ओढून घेतलं. ‘मी करतो,’ म्हणाली. ओढाताणीत दही तिच्या मोरपंखी लुगड्यावर सांडलं आणि ती हसली. माझी आई मेली होती आणि ती हसली! या ठिकाणी मी नेहमी थांबायची. ऐकणारी बाई चुकचुकायची, आणि मला बरं वाटायचं.

त्यानंतर मी माहेरच्या सीतादहीला गेले नाही. लग्न होऊन मावल्याला आले, नोकरी लागली. दादा दर वर्षी न चुकता फोन करायचा. ‘रेखा, येत्या रविवारी सीतादही हाये. ये वं.’ ऐकलंत? रविवारी! माझ्या आईचा गुरुवार हिने मोडला. आईचं ताट घेतलं, वारसुद्धा घेतला. मी दादाला म्हणायची, ‘माझं रविवारी धुणं असतं, निवडण असतं, जमत नाही.’ फोन ठेवला की आमच्या ह्यांच्यासमोर तणतणायची. ‘देवाधर्माचे वारही आता सवडीनं बदलतात म्हणे हे लोक!’ हे पेपर वाचत राहायचे. हुशार माणूस.

ह्यांच्यावरूनच एक सांगते. आमचं भांडण झालं की मला ह्यांच्या सगळ्या चुका ओळीने आठवतात. लग्नातली आठवते, पहिल्या दिवाळीतली आठवते, पोरीच्या परीक्षेच्या दिवशी छत्री विसरले तीही आठवते. एकीच्या मागे एक, जणू दाराशी उभ्याच होत्या. आणि मागच्या वर्षी ह्यांना डेंग्यू झाला, प्लेटलेट उतरायला लागल्या, तेव्हा त्या दवाखान्यातल्या स्टुलावर बसून मला एकही चूक आठवेना. आठवत काय होतं, तर माझ्या बाळंतपणात यांनी केलेला कच्चा भात, आणि पावसात सायकलवरून आणलेला माझा नेमणुकीचा कागद. माणूस तोच, संसार तोच. राग येतो तेव्हा राग आपल्या ओळखीचे सगळे बोलावून आणतो, भीती वाटते तेव्हा भीती दुसरेच कुणीतरी आणते. आपण म्हणतो, मला आठवलं. कसलं आठवलं! ज्याने हाक मारली त्याचेच आले. हे मला तेव्हा स्टुलावर बसल्या बसल्या कळलं होतं, पण ते वयनीला लावून बघायचं काही सुचलं नाही.

मग महिन्यापूर्वी गुडीहत्नूरच्या स्टॉपवर जंगूबाई भेटली. एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते, परतीच्या बसची वाट पाहत होते. बाकावर एक म्हातारी बसलेली, पायाशी सीताफळांची टोपली. जंगूबाई कोलाम आदिवासी, जवळच्याच गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची. आईच्या वेळेपासून आमच्या शेतात वेचायला यायची. कोलामी, गोंडी, तेलुगू आणि आमची मराठी, सगळं सारख्याच सुरात बोलायची.

‘रेखाबाई का वं?’ तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ‘तुया मायच्या चालीवरून वळखलं. सीतादहीले जाऊन राह्यली का?’

‘नाही, मी जात नाही.’

‘काऊन?’

मला विचारायचाच अवकाश. बस यायला वेळ होता, ऐकणारी होती. मी सुरू केलं. ताट, ओढाताण, मोरपंखी लुगडं. हसण्यापाशी आले आणि सवयीने थांबले. जंगूबाई चुकचुकली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मास्तरीणबाई फळ्यावर चुकीचं लिहितात तेव्हा पोरं बघतात तशी.

‘ओढलं? कोनं ओढलं?’ ती म्हणाली. ‘अवं, तूच त ढकललं ताट तिच्या आंगावर!’

‘काहीतरीच काय!’

‘मी तिथंच उभी होती ना बाई. तुया बापानं सांगतलं, यंदा रेखा करन, तिले तिच्या मायनं शिकोलं. तू ताट घेऊन गेली झाडापाशी, अन् उभीच राह्यली. लय येळ. वयनी म्हने, ताई, मी धरू का जराशीक? त तू वरडली, घे, तूच कर, तुलेच पायजे होतं! दही तुया हातावर, तिच्या लुगड्यावर. माह्याच पदरानं पुसलं मी.’

‘आणि ती हसली ते?’

‘हासली?’ जंगूबाईने टोपलीवरची माशी उडवली. ‘ते पोरगी थरथर कापून राह्यली होती. रडू दाबलं का तोंड वाकडं होते का नाई? तसं झालं होतं तिचं.’

बस आली. जंगूबाईने माझ्या पिशवीत दोन सीताफळं टाकली. बसमध्ये मी स्वतःला बजावलं की म्हातारी ऐंशीला टेकली, तिला काय आठवणार. घरी येऊन चहा टाकला, शेजारणीशी बोलले, दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. सगळं ठीक होतं, फक्त मनगटाचं काही केल्या जाईना. कारण माझ्या गोष्टीत माझ्या हातावर दही कधी सांडलंच नव्हतं. छत्तीस वर्षांत शंभर वेळा सांगितली असेल, एकदाही नाही. सांडलं होतं ते तिच्या लुगड्यावर. मग हे गार कुठलं?

पुढच्या आठवड्यात पोरांचे पेपर तपासत होते. एका पोरीने निबंध अर्धाच सोडलेला, खाली लिहिलं होतं, ‘टीचर, सगळं पाठ होतं, आता आठवत नाही.’ आणि ते सगळं समोर आलं. शेत आलं. हातातल्या पितळी ताटाचं वजन आलं. बाबांचा आवाज आला, अगदी मऊ, ‘कर बेटा.’ मी पाच झाडांपुढे उभी होते, आणि मला आठवत नव्हतं. आधी चुना का आधी कुंकू? धागा उजवीकडून न्यायचा का डावीकडून? आई काहीतरी पुटपुटायची, ते काय होतं? चार महिन्यांत मी आईचं सगळं विसरून बसले होते. मागे बाया उभ्या होत्या, बाबा उभे होते. आणि तेवढ्यात बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं, ताई, मी धरू का?

एवढंच घडलं होतं. मी विसरले होते आणि ते कबूल करायची मला लाज वाटली. रडण्यापेक्षा ओरडणं सोपं गेलं. घरी जाईपर्यंत ‘मी विसरले’चं ‘तिने घेतलं’ झालं असणार. रात्रभर रडून सकाळी उठले असेन तेव्हा ते खरंच झालं असणार. मी खोटं बोलले नाही हो, हे मला खरंच असं दिसायचं! तिचा ओढणारा हात, बांगड्यांसकट दिसायचा. आणि ज्या आठवणीच्या जोरावर मी उभ्या खानदानात मिरवले, ती सगळी आठवणच त्या दिवसानंतर, परत कधी काही विसरायचं नाही या हट्टातून वाढली असेल, असं आता वाटतं.

चूक कळली की मोकळं वाटतं असं मी पोरांना शिकवत आले. साफ खोटं आहे ते. कळल्यावर एकेक गोष्ट उलटी होऊन अंगावर आली. भाच्याच्या बारशाला मी आहेर देऊन उंबऱ्यातूनच परतले होते. वयनीने हात धरला होता, ‘जेवून त जा,’ म्हणाली होती, आणि मी हात सोडवून घेतला होता. बारा वर्षांपूर्वी तिचं पोटाचं ऑपरेशन आदिलाबादला झालं. अकरा दिवस ती इथे होती, माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. मी रोज ह्यांच्या हाती डबा पाठवला, कारण डबा पाठवला नाही तर लोक काय म्हणतील. स्वतः एकदाही गेले नाही. पोळ्या लाटताना माझ्या मनात काय चाललेलं असायचं ते मला स्पष्ट आठवतं. ते मी इथे लिहिणार नाही.

म्हणून या वर्षी दादाचा फोन आला, ‘रेखा, रविवारी सीतादही हाये,’ तेव्हा मी म्हटलं, ‘येते.’ ‘कवा?’ दादाने विचारलं, जणू वार त्याने आत्ताच सांगितला नव्हता.

जाताना बसमध्ये वाक्य जुळवलं. तीस वर्षं पोरांकडून वाक्यं जुळवून घेतली, स्वतःचं एक जुळेना. शेवटी एवढंच ठरवलं: ‘वयनी, त्या दिवशी मी ताट तुला दिलं नव्हतं, तुझ्या अंगावर फेकलं होतं. आणि दोष तुला देत राहिले. मला माफ कर.’ मला ते एकदाचं बोलून टाकायचं होतं. माझ्यासाठी, हे आता कळतं.

शेत तेच. पऱ्हाटी आता बुटकी आणि बोंडांनी लगडलेली असते, बियाणं वेगळं. वयनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसली होती, गुडघे गेलेत तिचे. केस पांढरे झाले होते. मला बघून ती उठू लागली आणि मी नको नको म्हणत तिच्यापाशी गेले. तिने माझे दोन्ही हात धरले. परत खुर्चीत बसली तरी सोडले नाहीत. बाजूला तिची सून श्रावणी उभी होती. ती निर्मल गावाकडची, घरात तेलुगू बोललेली, लग्नाला वर्षही झालेलं नाही. मराठी शिकते आहे. तिच्या हातात आईचं पितळी ताट होतं, कडेला आईच्या वेळचाच पोचा.

‘यंदा श्रावणी करून राह्यली,’ वयनी म्हणाली. ‘भेते मले इचारायले. म्हने, अत्तम्मा, माझं चुकलं तर? म्या म्हनलं, मी पन तुयासारखीच भेत होतो.’ मग ती सुनेकडे वळली. ‘ह्या आत्या. मी तुले सांगतलं होतं ना, त्या ह्याच.’

‘काय सांगितलं?’ मी विचारलं. तोंडाशी आलेलं वाक्य तसंच राहिलं.

‘ताटाचं,’ वयनी म्हणाली. ‘माय जाऊन चार महिने झालते. मान लेकीचा होता, बाबानं तुमालेच सांगतलं होतं. अन् तुमी सोताच्या हातानं ताट मले देल्लं. घे, तूच कर, म्हनलं. समद्या बायाइसमोर. तवरोक मी त्या घरात पाव्हनी होतो, ताई. घरी रोज रडो मी वांकिडीच्या आठवनीनं. त्या दिवशी वाटलं, हे घर आता मायं झालं.’

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. थट्टा नव्हती, टोमणा नव्हता. मी शोधला, खरंच शोधला. तिचं घाबरलेलं, घरासाठी आसुसलेलं मन तेव्हा त्या ताटाकडे धावलं असणार आणि त्याने माझं ओरडणं ऐकलंच नसणार. दोघींनी एकच ताट धरलं होतं. मी त्यातून अपमान घरी नेला आणि तिने मान नेला. माझ्या हातावरचं दही मला छत्तीस वर्षं झोंबलं, आणि तिला दही सांडल्याचं आठवतही नव्हतं.

श्रावणी माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. ‘निजमा, आत्या?’ तिने विचारलं, आणि मग जुळवून मराठीत, ‘खरं आहे?’

बसमध्ये जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. ते मी बोलले असते तर मला हलकं वाटलं असतं आणि वयनी पुन्हा त्या घरात पाहुणी झाली असती, या वयात, सुनेसमोर.

‘हो,’ मी म्हणाले. ‘खरं आहे.’

श्रावणी हसली आणि ताट घेऊन झाडांपाशी बसली. वयनी खुर्चीतून सांगत होती, आधी चुना, मग कुंकू, धागा उजव्या अंगानं. म्हणजे आधी चुना. तिला कुणी शिकवलं असेल? तिच्या आईने, वांकिडीला. दहीभात कालवल्याचा वास आला आणि या वेळी मी कुठे खिडकीपाशी गेले नाही.

‘एक इचारू, ताई?’ वयनीने हळू आवाजात म्हटलं. तिची नजर सुनेच्या हातांवर होती. ‘इतक्या मायेनं देल्लं ताट, मंग येत काऊन नव्हत्या कदी?’

याला उत्तर होतं, पण ते मी आताच गिळलं होतं. मी मास्तरीण, वेळेला काहीतरी सुचतंच. ‘शाळा असते गं,’ मी म्हणाले. ‘सुट्टी मिळत नाही.’

‘शाळा असते म्हनूनच त रविवारी करत होतो ना,’ वयनी म्हणाली. ‘तुमची नोकरी लागली तवापासून. बाबा किती भांडले मायाशी, मायचा गुरुवार मोडू नोको म्हने. म्या म्हनलं, ताईले यायचं असन तर रविवारच पायजे.’

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.